पोचा आलेला सेल

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि तिच्याजवळ मी सहसा काही झाकून ठेवत नाही, कारण झाकलेलं तिला लगेच दिसतं. हे मात्र दिसलं नाही. किंवा दिसलं असेल आणि तिने विचारलं नसेल. आता तेही मला ठरवता येत नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. बघा, सुरुवातच अशी. इथेही सोपी बाजू बघूनच बसलो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. कट्ट्याच्या बाजारातून आत वळलं की आमची वाडी लागते. मला एक खोड आहे, ती आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे: मला लोकांनी प्रश्न विचारलेले फार आवडतात. कुणी काही विचारलं की माझी मान आपोआप थोडी वर होते. फ्रिज का थंड होत नाही, आंब्यावर कुठलं औषध मारू, ग्रहणात जेवावं का — वाडीतलं माणूस माझ्या ओटीवर येतं आणि मी उत्तर देतो. माहीत नसलं तरी देतो.

आणि मला ड्रोन उडवायचा नाद आहे. लग्नात फोटो काढतात तसला नाही. स्वतः सुटे भाग आणून जोडलेला, डोळ्यांना गॉगल लावून लांब सोडायचा. वाडीत त्याला ‘मास्तराचा इमान’ म्हणतात, इमान म्हणजे विमान. असला नाद असलेल्यांचा आमचा एक ग्रुप आहे, कुडाळ-सावंतवाडीपासून कोल्हापूरपर्यंतची मंडळी. त्यात माझं नाव पडलं होतं बॅटरीवाले सर. लांब पल्ल्याला बॅटरी कुठली घ्यावी, हे मला विचारायचे. मी किती रंगून सांगायचो म्हणता!

थोडं तुम्हालाही सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मऊ पिशवीतली लिपो बॅटरी असते, तिच्यात जोर भरपूर, दम कमी. लिथियम-आयनचे गोल नळकांड्यातले सेल असतात, त्यांच्यात दम लांबचा, पण एकदम जोर मागितला की मान टाकतात. लांब जायचं तर हे गोल सेल घ्यावेत. सहा सेल एकापाठोपाठ जोडले की झाला पॅक. सेल निवडताना वेष्टनावर किती साठवण छापलीय ते पाहून भुलू नये. सलग किती करंट देतो ते बघावं. सगळे एकाच बनावटीचे, एकाच वयाचे हवेत. प्रत्येकाचा आतला रोध मीटरवर मोजावा आणि ज्याचा आकडा इतरांहून वेगळा, तो बाजूला काढावा. फार जड पॅकही करू नये, तो स्वतःचंच ओझं वाहण्यात संपतो. आणि पोचा आलेला सेल — पडलेला, कडेला चेपलेला — कधीही, कुठल्याही कारणाने वापरू नये. आत काय फाटलंय ते बाहेरून दिसत नाही.

हे शेवटचं वाक्य माझं आहे. मीच ग्रुपवर लिहिलं होतं, ठळक अक्षरांत. त्याला किती अंगठे मिळाले तेही मी पाहिले होते.

काजूचा हंगाम सुरू होता. नवीन पॅक बांधायला घेतला आणि एक सेल हातातून निसटून पायरीच्या चिऱ्यावर पडला. खालच्या कडेला पोचा आला. फार मोठा नाही. नखाने चाचपला तर लागावा इतकाच. मीटर लावला — बाकीचे पाच एका सुरात, हा थोडा वेगळा. थोडाच! दुसरा सेल मागवला होता, पण कुरियर कुडाळला अडकून पडलं होतं. आणि त्याआधीच मी ग्रुपवर फुशारकी मारून बसलो होतो की या रविवारी घरच्या गच्चीवरून उडवून समुद्र गाठतो आणि परत आणतो. माझा पिंगुळीचा एक मित्र त्याच्या बाजूने असं करून आला होता, सगळे त्याचं कौतुक करत होते. मला कुणी आव्हान दिलं नव्हतं. कुणी वाटही बघत नव्हतं. मग मी का थांबलो नाही?

जुना लिपो पॅक होता टेबलावर. चांगला, धडधाकट. त्याने मी खाडीपर्यंत जाऊन सुखरूप परत आलो असतो. पण समुद्र नसता झाला. मी दोन्ही पॅक समोर ठेवून बराच वेळ बसलो — नाही, खोटं कशाला बोलू, बराच वेळ नाही. पोचा असलेली बाजू आत वळवली, वर टेप गुंडाळली. टेप गुंडाळल्यावर तो सेल इतरांसारखाच दिसायला लागला आणि मलाही बरं वाटलं. परवानगी-बिरवानगीचा तर प्रश्नच नव्हता, ती मी कधीच काढली नव्हती.

दुपारी सोडला. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना वारा पाठीशी घ्यायचा, हा आमचा नियम. समुद्रावरून वारा चांगलाच उठला होता, त्यामुळे जाताना पॅकवर ताण पडला. गॉगलमध्ये आकडा दिसत होता आणि आकडा ठीक होता. आता इथेच गोम आहे. तो आकडा सहाही सेलची सरासरी दाखवतो. पाच चांगले असले की सहावा त्यांच्यात लपतो. हे मला माहीत नव्हतं का? हेसुद्धा मीच ग्रुपवर लिहिलं होतं.

माड दिसले, मग पांढरी रेघ, मग निळं पाणी आणि त्यात किल्ल्याचा काळा तुकडा. मी एकटाच गच्चीवर मोठ्याने ओरडलो. अजून तो आनंद आठवला की मला स्वतःची लाज वाटते, पण आनंद झाला होता हे खरं. वळवला. परतीचा रस्ता निम्म्याहून जास्त सरला, आमची वाडी दिसायला लागली आणि आकडा एकदम घसरला. हळूहळू नव्हे. पायरीवरून पाय सटकावा तसा. गॉगलमध्ये इशारा वाजायला लागला. मी जोर दिला तर तो आणखी खाली आला. काजूचे शेंडे वर वर येत होते. माझे हात इतके घामेजले की रिमोटची कांडी अंगठ्याखालून सरकत होती. मग झाडं, दगड, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या.

त्या क्षणी मला ठाऊक होतं काय झालं ते. वारा नव्हे, नशीब नव्हे.

शेवटची जागा मोबाइलवर आली होती. दत्ताकाकांची काजूची बाग. मी धावलो. बाग आमच्या घरापासून लांब नाही. वाटेत इंदूकाकीचा मळा लागतो. इंदूकाकी म्हणजे दत्ताकाकांची भावजय. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती मुलगी वैभववाडीला दिली आहे. भात ती एकटीच करायची. नांगरट तेवढी दत्ताकाका करून द्यायचे. मी धावत गेलो तेव्हा मळा रिकामा होता, एका कोपऱ्यात तिचा भाजलेला तरवा काळाभोर दिसत होता. तरवा म्हणजे भाताची रोपं करायची जागा. पावसाआधी त्यावर शेण, तोडलेल्या फांद्यांचं कवळ, वाळलेल्या पानांचा पातेरा पसरून भाजून काढतात. घरोघर भाजतात. काकीने त्याच दिवशी सकाळी भाजला होता, वारा उठायच्या आत.

ड्रोन बागेच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, चिऱ्यांवर आपटला होता. पॅक फुटला होता. एक सेल फुसफुसत होता, त्यातून जाळ येत होता, आणि खालचा काजूचा पातेरा धरला होता. आग तेव्हा सुपाएवढी होती. सुपाएवढी! चपलेने, मातीने, अंगातल्या शर्टाने विझली असती.

मी आधी काय केलं?

मी आधी ड्रोन उचलला. त्याच्या न जळलेल्या दांडीला धरून ओढला, गडग्यावर चढलो, पलीकडे कातळावर नेऊन टाकला आणि त्यावर दगड रचले. कुणी येताना दिसतंय का ते पाहिलं. मग परत आलो. तोवर आग खळ्याएवढी झाली होती आणि वारा तिला आत घेऊन चालला होता. तेव्हा मी ओरडलो.

माणसं आली, हे आमच्या वाडीचं मानावं लागेल. ओले टाळे, म्हणजे हिरव्या फांद्या, तोडून आगीला झोडपलं, बायकांनी कळश्यांनी पाणी आणलं. इंदूकाकीही होती; तिचा पदर करपला. माझेही हात भाजले. निम्मी बाग गेली, निम्मी राहिली. दत्ताकाका जळलेल्या झाडांकडे बघत उभे होते. ती झाडं त्यांनी आणि त्यांच्या भावाने, म्हणजे काकीच्या नवऱ्याने, मिळून लावलेली होती. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “मास्तर, तुका वरसून दिसला काय रे? तू नसतंस तर आज सगळीच गेली असती.”

मी हो म्हणालो. इमानातून धूर दिसला म्हणालो. इमान कुठे आहे विचारलं तर वाऱ्याने खाडीत गेलं म्हणालो. एक हो म्हटल्यावर पुढची उत्तरं आपणहून येत गेली, मला काही करावंच लागलं नाही.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “इंदून सकाळी तरवो भाजल्यान.”

कुणी रागाने म्हणालं नाही, तेवढं खरं. नुसतं म्हटलं. पण सगळ्यांच्या माना मळ्याकडे वळल्या. काकीने तोंडावर हात ठेवला. दत्ताकाकांनी एकदा मळ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, दोन दिवसांत निवळलं असतं. ते काही बोलले नाहीत आणि आठवड्याभरात दोन घरांच्या मधल्या गडग्यात जी येण्याजाण्याची वाट होती, तिथे चिरे लागले.

मग देवळात गाऱ्हाणं झालं. हे काकीने स्वतःहून करवलं, कुणी भाग पाडलं नव्हतं. नारळ ठेवला. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं — “बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या हातसून काय चुकला-माकला असात, तर ता पदरात घी रे म्हाराजा!” आणि आम्ही सगळे म्हणालो, “व्हय म्हाराजा!” आम्ही म्हणजे मीही. गाऱ्हाण्याला गप्प उभं राहणं बरं दिसत नाही. माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. त्या दिवशीही पोचला. काकी खाली मान घालून, हात जोडून उभी होती.

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. मी गप्प राहिलो, दुसऱ्यावर आळ जाऊ दिला. अनेक जण तसं करतात, मीही केलं. नाही. इथपर्यंत मी तुम्हाला फिरवत आणलं ते पुढचं सांगायला जीभ रेटत नव्हती म्हणून. आताही रेटत नाही.

काही दिवसांनी काकी माझ्या ओटीवर आली. बायको बाजारात गेली होती. काकी बसली नाही, खांबाला धरून उभी राहिली. मला ती लहानपणापासून ओळखते. आई आजारी असायची तेव्हा तिनेच मला जेवायला वाढलेलं आहे. म्हणाली, “बाबू, तू शिकललस. माका खरा सांग. इझयललो इस्तो परत पेटता काय रे? मिया पाणी ओतलंय. माका आठावता, ओतलंय. पण सगळी म्हणतत तर माझाच काय चुकला काय?”

आता बघा. वाडीत सगळ्यांनी तिला सांगून झालं होतं की तिच्याच तरव्याची ठिणगी गेली. ती माझ्याकडे ‘नाही’ ऐकायला आली होती. तेवढा एक शब्द. आणि माझ्या ‘नाही’ला वजन होतं. मी दत्ताकाकांना जाऊन सांगितलं असतं की पाणी ओतलेल्या तरव्यातून इतक्या लांब, इतक्या तासांनी आग जात नाही, तर त्यांनी ऐकलं असतं. स्वतःचं नाव न घेतासुद्धा मला तिला सोडवता आलं असतं. हे कळतंय ना तुम्हाला? मला स्वतः अडकायचीही गरज नव्हती! आग कशाने लागली ते कुणालाच कळत नाही, असं म्हणून मोकळा झालो असतो.

पण मग कुणीतरी विचारलं असतं — मग कशाने लागली?

म्हणून मी तिला शिकवलं. मी, विज्ञानाचा शिक्षक, ओटीवर बसून तिला सांगितलं की राख ही पांघरुणासारखी असते, तिच्याखाली निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. वरून पाणी ओतलं तरी खाली पोचेलच असं नाही. वारा मिळाला की ठिणगी उडते, काजूच्या पातेऱ्याला तेल असतं, तो पटकन धरतो. सगळं बरोबर. परीक्षेत लिहिलं तर पैकीच्या पैकी मार्क द्यावेत असं. आणि सांगताना माझी मान — ती नेहमीची खोड — थोडी वर झाली होती. मला ती जाणवली आणि तरी मी बोलत राहिलो.

काकी ऐकत होती. मग म्हणाली, “म्हणजे माझ्याच हातसून झाला.”

“मनाक लावून घेव नको, काकी,” मी म्हणालो.

“नाय रे. तू खरा सांगलंस, बरा केलंस,” असं म्हणून ती पायऱ्या उतरली.

त्या वर्षी तिने मळा केला नाही. दत्ताकाकांनी नांगर घातला नाही आणि तिने सांगितलंही नाही. भाजलेला तरवा तसाच राहिला, त्यावर गवत आलं. मग तिने चूल बंद केली. मुलीने गॅस घेऊन दिला, तर शेगडी पेटवायला शेजारणीला हाक मारायची. विझवलेल्या शेगडीवर ओला फडका ठेवायची, तो काढून खाली हात लावून बघायची, परत ठेवायची. वाडीत लोक हसायचे, पण मला हसू येत नव्हतं. शेवटी मुलगी येऊन तिला वैभववाडीला घेऊन गेली. घराला कुलूप आहे.

मी एकदा भेटायला गेलो. मुलगी चहा टाकायला उठली तशी काकी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि काडी ओढल्याचा आवाज होईपर्यंत दाराकडे पाठ करून उभी राहिली. मुलगी आतून हसत मला म्हणाली, “सर, आई देवाकडे दिवापण लावत नाही. सांजवात मीच करते. तुम्ही तरी सांगा ना, तुमचं ऐकेल ती.” काकीने तिच्या नातवंडाला जवळ बोलावून माझ्याकडे बोट केलं — ह्यांनी आपल्या आजोबांची बाग वाचवली म्हणाली. पोरगं माझ्याकडे बघत राहिलं. मी चहा प्यालो. चांगला झालाय म्हणालो. साडेचारची गाडी आहे म्हणून उठलो.

दत्ताकाकांना कळलं तर काय होईल? शिव्या देतील, भरपाई मागतील. शाळेत चर्चा होईल. फार तर एक हंगाम लोक बोलतील आणि मग दुसरा विषय मिळेल. हे सगळं मी मनात इतक्या वेळा करून पाहिलंय की मला त्याची भीतीही राहिलेली नाही. तरी सांगत नाही. भीती गेल्यावरही जो गप्प राहतो त्याला काय म्हणायचं?

ग्रुपवर अजून आहे मी. अजून लोक विचारतात, लांब पल्ल्याला पॅक कुठला घेऊ, आणि मी अजून सांगतो. पोचा आलेल्या सेलबद्दल आता जास्त ठासून सांगतो. ओळखीतल्या एकाचा अनुभव आहे, असं लिहितो.

आणि एक राहिलं. तुम्ही भले असाल तर एव्हाना तुमच्या मनात आलं असेल की याला तरी खात्रीने काय माहीत? तिचा तरवाही धुमसत असेल. दोन्हीकडून झालं असेल. मलाही तेच हवं होतं. आग विझली त्या संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर मी मळ्यात उतरलो, तरव्याशी उकिडवा बसलो आणि भाजलेला हात त्या राखेत घातला. थोडीशी ऊब मागत होतो, बस. कुठेतरी एक कोमट खडा. वरची राख कोरडी होती. हात मनगटापर्यंत खाली नेला. खाली राखेचा चिखल झाला होता, थंडगार. दुसऱ्या कोपऱ्यात घातला, मग मध्ये घातला. सगळीकडे तसंच. बांधावर तिची कळशी पालथी ठेवलेली होती. विहिरीपासून तिथवर ती किती खेपा आली असेल ते मला दिसत होतं. मी हात गवताला पुसला आणि घरी गेलो.

काकी माझ्या ओटीवर येऊन विचारून गेली, ते यानंतर.